जर्मनचं पातेलं आणि धातूची काच

हा भाग व्हिडिओत सांगताना मी एक जुनं पातेलं खिडकीकडे धरून दाखवलं होतं. पुस्तकात ते दाखवता येत नाही, म्हणून शब्दांत सांगते. पातेलं ॲल्युमिनियमचं, दोन शेर दूध मावेल एवढं. बाहेरून धड दिसतं. उजेडाकडे धरलं की तळाला आठ-दहा ठिकाणी टाचणीच्या टोकाएवढा प्रकाश दिसतो. बाकीचा पत्रा मात्र जवळजवळ पहिल्याइतकाच जाड आहे. लोखंडाची बादली गंजते तेव्हा सगळीच खवले टाकत झिजते. हे पातेलं तसं झिजलेलं नाही, त्याला भोकं पडली आहेत. आजची गोष्ट या फरकाची आहे.

पातेलं माझ्या सासूबाईंचं. आम्ही दुर्ग-भिलईतल्या पद्मनाभपुरात राहतो. छत्तीसगडात मराठी घरं बरीच आहेत. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, १८५४ मध्ये इंग्रजांकडे गेला, मग रेल्वे आली, आणि १९५५ च्या सोव्हिएत करारानंतर भिलईचा पोलाद कारखाना उभा राहिला. प्रत्येक लाटेबरोबर काही मराठी बिऱ्हाडं इकडे आली आणि इथलीच झाली. सासूबाई दर उन्हाळ्यात लोणच्याच्या कैरीला मीठ लावून ती रात्रभर याच पातेल्यात ठेवायच्या. मी नवी सून, रसायनशास्त्र शिकवणारी. पण पहिलं भोक त्यांनीच दाखवलं आणि म्हणाल्या, "अगं, जर्मनचं भांडं आंबट सोसत नाही. माहीत असून ठेवते मी. पितळीला कल्हई कोण करून देणार आता?"

"जर्मन" हा शब्द लक्षात ठेवा. मराठीत, विशेषतः विदर्भात आणि खेड्यापाड्यांत, ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं किंवा जर्मलचं भांडं म्हणतात. या धातूचा जर्मनीशी तसा संबंध नाही. माझा तर्क असा, की त्याआधी बाजारात "जर्मन सिल्व्हर" आलेलं होतं, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त यांचं पांढरं संमिश्र, ज्यात चांदीचा कणही नसतो. पुढे दुसरा पांढरा धातू आला तेव्हा लोकांनी तेच नाव त्याला चिकटवलं.

आपल्याकडे या भांड्यांची सुरुवात मद्रासला झाली. १८९८ मध्ये तिथल्या कला-शाळेत अल्फ्रेड चॅटर्टन या इंग्रज अभियंत्याने ॲल्युमिनियमची भांडी घडवायला सुरुवात केली. धातू अर्थातच परदेशातून यायचा. त्याच्या बारा वर्षं आधी, १८८६ मध्ये, अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी एकमेकांना न कळता विजेने ॲल्युमिनियम वेगळं करण्याची एकच रीत शोधली होती. तोवर सोन्या-चांदीच्या पंक्तीत बसणारा हा धातू भावात कोसळला आणि पुढे स्वयंपाकघरात आला. आमच्या छत्तीसगडात कोरब्याला बाल्कोचा ॲल्युमिनियम कारखाना १९७५ पासून धातू काढतो.

मंडळी, आता एक विरोधाभास बघा. ॲल्युमिनियम हा रासायनिकदृष्ट्या फार तापट धातू आहे. प्राणवायू दिसला की झडप घालतो. मग तो दोन दिवसांत विरून का जात नाही? कारण ती झडपच त्याचं रक्षण करते. हवा लागताच पृष्ठभागावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर चढतो, दोन ते पाच नॅनोमीटर जाडीचा. आपल्या केसाच्या जाडीचा पंचवीस हजारावा भाग, साधारण एवढा. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो, सुटून पडतो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पाडतो. हा थर घट्ट बसतो आणि ओरखडा पडला तर क्षणात पुन्हा भरून येतो.

या थराचे वैरी तीन. फार आंबट, म्हणजे चिंच आणि कैरी. फार खारं, म्हणजे धुण्याचा सोडा. आणि मीठ. पहिले दोघे थर सगळीकडून विरघळवतात, म्हणून चिंचेचं सार उकळलं की पातेलं आतून पांढरं लख्ख होतं. मीठ तसं करत नाही. मिठातला क्लोराइड थरातली कच्ची जागा शोधतो आणि तिथेच आत शिरतो. शिरला की खड्ड्यातलं पाणी आणखी आंबट होतं, थराला पुन्हा जुळायची संधी मिळत नाही, आणि खड्डा सरळ खाली जात राहतो. सासूबाईंच्या पातेल्यातले ते तारे असे उगवले.

मग प्रश्न पडतो, कच्ची जागा येते कुठून? इथून आपण स्वयंपाकघर सोडून विमानाकडे जाणार आहोत.

शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असतं. १९०६ मध्ये आल्फ्रेड विल्म हा जर्मन धातुशास्त्रज्ञ त्याला बळकट करण्याच्या खटपटीत होता. त्याने त्यात चारेक टक्के तांबं आणि थोडं मॅग्नेशियम घातलं, तापवून पाण्यात बुडवलं आणि कडकपणा मोजला. काही खास नव्हता. सुट्टीनंतर पुन्हा मोजला तर तोच तुकडा कितीतरी कडक झालेला. कुणी हात न लावता! यालाच पुढे ड्युरॅल्युमिन नाव मिळालं. झेपेलिन आकाशयानं आणि मग विमानं याच्या पत्र्याची झाली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली, आणि पुढच्याच वर्षी तिथे जुळवलेलं हार्लो हे पहिलं प्रशिक्षण विमान उडालं. तेही संपूर्ण धातूच्या पत्र्याचंच होतं.

तुकडा आपोआप कडक का झाला, हे कळायला १९३८ उजाडलं. फ्रान्समध्ये गिनिए आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन यांनी क्ष-किरणांनी दाखवलं की आत कोंडलेले तांब्याचे अणू हळूहळू एकत्र येऊन अतिसूक्ष्म पुंजके करतात, आणि ते पुंजके धातूला वाकू देत नाहीत. बळ आलं ते या पुंजक्यांमुळे.

आणि नेमकं तेच महागात पडलं. तांब्याने भरलेला कण आणि शेजारचं तांबं गमावलेलं ॲल्युमिनियम, यांच्यावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब पसरला की छोटी विजेची बॅटरी तयार होते. तांबं शाबूत राहतं, ॲल्युमिनियम खाल्लं जातं. हे कण धातूच्या दाण्यांच्या सांध्यांवर जास्त जमतात, म्हणून क्षरण सांध्यासांध्यातून आत पसरतं. १९२० च्या दशकात अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेत रॉडन यांनी असे ड्युरॅल्युमिनचे पत्रे तपासले. वरून बरे दिसणारे, पण वाकवले की पापडासारखे मोडणारे.

यावर उपाय निघाला तो आपल्या आजीला चटकन कळला असता: कल्हई. पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा पातळ थर देतो ना, तसं बळकट संमिश्राच्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर दाबून बसवायचा. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात हा अल्क्लॅड नावाचा पत्रा आला. उपमा इथे थोडी लंगडते, कारण कल्हई फक्त झाकते. अल्क्लॅडचा वरचा थर ओरखडा पडला तरी स्वतः झिजून आतल्याला वाचवतो. पण पत्रा कापला, रिव्हेटसाठी भोक पाडलं, की कडा उघडी पडते. तिथे मग क्रोमेटचा रंग लावायचा. हा रंग उत्तम काम करतो, आणि त्यातलं क्रोमियम माणसाला कर्करोग करतं. विमानाच्या हँगरमध्ये जुना रंग घासणाऱ्या कामगाराच्या छातीत ती धूळ जाते. शंभर वर्षांचा हा हिशेब असा आहे: बळ पाहिजे तर कण हवेत, कण आले की खड्डे आले, खड्डे थांबवायचे तर विष लावा.

२८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर हिलोहून होनोलुलूला निघालेल्या अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं छत सुमारे २४,००० फुटांवर उडून गेलं. जवळजवळ साडेपाच मीटर लांबीचा भाग. एक हवाईसेविका बाहेर ओढली गेली ती कायमची. वैमानिकांनी ते उघडं विमान माऊई बेटावर उतरवलं. विमान १९ वर्षांचं होतं आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत बेटाबेटांवर चढउतार करत होतं. चौकशीत पत्र्यांचे सुटलेले सांधे, त्यांत शिरलेलं क्षरण आणि रिव्हेटच्या ओळीने पडलेल्या थकव्याच्या भेगा समोर आल्या. देखभालीतली चूक त्यात मोठी होती, सगळं खापर धातूवर फोडायचं नाही. पण कडा आणि भोकं ही जागा किती नाजूक असते, ते या एका अपघातात दिसतं.

त्याच १९८८ मध्ये ॲल्युमिनियमची पहिली चिवट काच जगापुढे आली. योगायोगच. मात्र तिथे पोचायला आधी अठ्ठावीस वर्षं मागे जावं लागेल.

काच म्हणजे पारदर्शक वस्तू, ही आपली बोलण्यातली काच. शास्त्रात काच म्हणजे अणूंची रांग नसलेला घन पदार्थ. साखरेचं उदाहरण घ्या. पाक सावकाश निवू दिला की खडीसाखर होते. दाणेदार, टोकदार, आतले रेणू ओळीने बसलेले. तोच पाक घट्ट करून झटक्यात थंड केला की गोळी होते, चिक्कीतला तो चकचकीत पदार्थ होतो. रेणूंना रांगेत बसायला वेळच मिळत नाही. ती साखरेची काच. गोळ्यांचा डबा पावसाळ्यात उघडा राहिला तर त्या दाणेदार होतात, हे तुम्ही पाहिलं असेल. संधी मिळताच रांग पुन्हा लागते.

धातूंची रांग लावायची घाई साखरेपेक्षा कितीतरी जास्त. १९६० मध्ये कॅलिफोर्नियात पोल डुवेझ यांनी, क्लेमेंट आणि विलेन्स या सहकाऱ्यांबरोबर, सोनं आणि सिलिकॉन यांच्या वितळलेल्या थेंबाला तांब्याच्या थंड पृष्ठभागावर बंदुकीसारखं फेकलं. थंड होण्याचा वेग सेकंदाला दहा लाख अंशांच्या घरात. जे पापुद्रे मिळाले त्यांच्यात अणूंची रांग नव्हती. धातूची पहिली काच. पुढे फिरत्या तांब्याच्या चाकावर रस सोडून लांब फिती काढायची रीत बसली. अशी लोखंड-बोरॉनची फीत तुमच्या गल्लीतल्या खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्येही असू शकते. अशा गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये गाभ्यात वाया जाणारी वीज नेहमीच्या पोलादी गाभ्याच्या तुलनेत निम्म्याहूनही बरीच कमी असते. पण आपला विषय गंज आहे.

तो मुद्दा जपानमधल्या सेंदाई शहरातून आला. १९७४ मध्ये नाका, हाशिमोतो आणि मासुमोतो यांनी लोखंड, क्रोमियम, फॉस्फरस आणि कार्बन यांची काच मिठाच्या आणि आम्लाच्या पाण्यात ठेवली. आठेक टक्के क्रोमियम पुरलं, खड्डे पडले नाहीत. त्याच्या दुपटीहून जास्त क्रोमियम असलेलं स्टेनलेस स्टील त्याच आम्लात टिकत नाही. लोकांनी लगेच निष्कर्ष काढला: काचेत दाणे नाहीत, सांधे नाहीत, म्हणून गंज नाही. शिकवायला हे फार सोयीचं आहे. मीही वर्गात वर्षानुवर्षं एवढंच सांगत आले.

ते अर्धंच खरं आहे. त्याच सेंदाईच्या प्रयोगांत क्रोमियम नसलेली लोखंडाची काच साध्या शुद्ध लोखंडापेक्षा लवकर गंजली. सांधा तिच्यातही नव्हता. म्हणजे नुसतं काच असणं कुणाला वाचवत नाही. काचेचा उपयोग वेगळा आहे. रांग लावलेल्या धातूत पाहुण्यांना जागा कमी असते, जास्त झाले की ते वेगळे गोळा होतात. काचेत रांगच नाही, त्यामुळे भरपूर पाहुणे सगळीकडे सारखे पसरून राहतात. त्यांच्यात थर घट्ट करणारा कुणी असेल तर थर सगळीकडे सारखा घट्ट होतो. नसेल तर नाही. सेंदाईच्या काचेत फॉस्फरस वरचं लोखंड भराभर विरघळवायचा, मागे क्रोमियम जमायचं आणि थर पक्का व्हायचा.

फॉस्फरसवरून एक आडवळण घेते. भारतात झटपट थंड केलेल्या धातूंचा अभ्यास रुजवणाऱ्यांत बनारस हिंदू विद्यापीठाचे टी. आर. अनंतरामन हे मोठं नाव. याच माणसाने पुढे दिल्लीच्या लोहस्तंभावर पुस्तक लिहिलं. सोळाशे वर्षं उभ्या असलेल्या त्या स्तंभाच्या लोखंडात फॉस्फरस आजच्या पोलादाच्या मानाने पुष्कळ आहे, आणि त्यामुळे वर राखणारा थर कसा बनतो ते आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी २००० मध्ये मांडलं. भारतीय रेल्वेच्या रुळांचं क्षरण हाही बालसुब्रमण्यम यांच्या अभ्यासाचा विषय होता, आणि निकेल-तांबं-क्रोमियमचे गंजरोधक रूळ निघाले ते आमच्या भिलईतून. गुप्तकाळातला लोहार आणि सेंदाईची प्रयोगशाळा यांना एकाच मूलद्रव्याने हात दिला, याची मला अजून गंमत वाटते.

आता ॲल्युमिनियम. त्याची काच करणं फार अवघड गेलं. सेंदाईलाच इनोउए यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ॲल्युमिनियम-लोखंड-बोरॉनची फीत काढली, पण ती ठिसूळ, हातात मोडायची. १९८८ मध्ये इनोउए यांच्या गटाने आणि अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठातल्या हे, पून आणि शिफ्लेट यांनी स्वतंत्रपणे चिवट फीत मिळवली. हॉल आणि एरू यांच्यासारखीच जोडी, एकशे दोन वर्षांनी. कृती साधारण अशी: शंभरातले ८५ ते ९० अणू ॲल्युमिनियमचे, पाच-दहा निकेल, लोखंड किंवा कोबाल्टचे, आणि उरलेले इट्रियम, सिरियम, गॅडोलिनियम अशा दुर्मीळ मृदा धातूंचे. फीत वाकवली तर घडी पडते, मोडत नाही. ताकद हजार मेगापास्कलच्या वर. विमानाचं नावाजलेलं जस्ताचं संमिश्र साडेपाचशेच्या आसपास असतं.

आणि मीठ? साध्या घन ॲल्युमिनियमात लोखंड किंवा निकेल शेकडा एक अंशाच्या दहाव्या भागाएवढंही मुरत नाही, लगेच कण होऊन बाहेर बसतं. माझ्या पातेल्याच्या पत्र्यातही अशा लोखंडी कणांशेजारीच भोकांची सुरुवात झाली असणार. काचेत तेच निकेल, तेच लोखंड, शेकड्यात पाच-आठ, पण विखुरलेलं. समुद्राएवढ्या खाऱ्या पाण्यात तपासल्यावर खड्डा पडायला लागणारा विद्युतदाब शुद्ध ॲल्युमिनियमपेक्षा काहीशे मिलिव्होल्टने वर गेला. बळ आणि टिकाऊपणा पहिल्यांदाच एका बाजूला आले.

२००३ च्या सुमारास व्हर्जिनियात स्वाइत्झर, शिफ्लेट आणि स्कली यांनी ही काच मुद्दाम थोडी तापवली. आत नॅनोमीटरच्या मापाचे ॲल्युमिनियमचे स्फटिक उगवले, म्हणजे सांधेही आले. वर्गातल्या माझ्या जुन्या सांगण्याप्रमाणे आता खड्डे पडायला हवे होते. टिकाव मात्र बराचसा तसाच राहिला. पूर्ण स्फटिक करून मोठे कण उगवू दिले तेव्हा तो गेला. सांधा आहे की नाही यापेक्षा कण केवढा आहे आणि त्यात कोण आहे, हे महत्त्वाचं ठरलं. खड्ड्याला तग धरायला एवढीशी जागा पुरत नाही.

मग विमानं या काचेची का नाहीत? कारण फीत मायक्रोमीटरमध्ये मोजायची, वीस ते पन्नास. त्याहून जाड करायला गेलं की आतला भाग सावकाश निवतो आणि रांग लागते. आणि अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसला ती डब्यातल्या गोळीसारखी पुन्हा दाणेदार व्हायला लागते. म्हणून व्हर्जिनियाच्या मंडळींनी पुन्हा कल्हईचाच रस्ता धरला: नेहमीच्या पत्र्यावर ॲल्युमिनियम-कोबाल्ट-सिरियमचा काचेचा थर. हा थर झाकतो, वेळ पडली तर स्वतः झिजून पत्र्याला वाचवतो, आणि झिजताना सिरियम व कोबाल्टचे आयन सोडतो, जे ओरखड्यावर जाऊन क्रोमेटचं काम करतात, क्रोमेटशिवाय. हँगरमधल्या त्या कामगारासाठी मला या संशोधनाची ताकदीच्या आकड्यांपेक्षा जास्त किंमत वाटते. प्रयोगशाळेत ते जमलं आहे. रोजच्या वापरात अजून अल्क्लॅडचा पत्रा आणि त्यावर रंग हेच चालतं, आणि दुर्मीळ मृदा धातू स्वस्त नाहीत.

भोकं पडल्यावर मी ते पातेलं दुर्गच्या बाजारात डाग द्यायला नेलं होतं. दुकानदाराने उलटसुलट करून परत दिलं. "इसमें टाँका नहीं बैठता, बाई." खरंच बसत नाही. भट्टीच्या शेजारी कथील वितळतं तेवढ्यात ॲल्युमिनियमवर तो थर पुन्हा चढलेला असतो, आणि डाग थेंबासारखा घरंगळून पडतो. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, मग माती भर आणि कोथिंबीर लाव, पाणी आपोआप निथळेल. आता त्यात कोथिंबीर आहे.